चहा दोघांचा, पाटी कुणाची?

आमच्या घरात एकच पेय दोन नावांनी नांदतं. उंबऱ्याच्या आत 'चाय', उंबऱ्याबाहेर 'चहा'. दोन्हींचं मूळ चिनी 'चा'. खुष्कीच्या वाटेनं मध्य आशियातून, इराणातून फिरत गेला तो चाय झाला. डच व्यापाऱ्यांनी चीनच्या फुजियान किनाऱ्यावरून जहाजात घालून युरोपात नेला, तिथं किनाऱ्यावरच्या बोलीतला 'ते' त्याच्याबरोबर गेला आणि त्याची इंग्रजांनी 'टी' केली. नावं कितीही असोत, आपल्याकडं पाहुणा दारात आला की पहिला प्रश्न तोच, 'चहा टाकू ना?' ठेवू, करू, बनवू यापेक्षा आपण 'टाकू' म्हणतो. या एका क्रियापदावर मी कविता लिहायचा प्रयत्न करून झाला आहे. जमली नाही, ते जाऊ द्या.

आज मला बोलायचं आहे ते चहाच्या धंद्याबद्दल, आणि त्यातही नवरा-बायकोनं मिळून काढलेल्या धंद्याबद्दल. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात जा, चौकाचौकात चहाची नवी चकचकीत दुकानं दिसतात. पुण्यात राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी रुजवलेली 'अमृततुल्य' आता तालुक्याच्या गावात पोचली. अनेक तरुण जोडप्यांच्या मनात एक विचार घोळताना मी ऐकतो. दोघांनाही चहा आवडतो, मग आपणच का काढू नये एखादं दुकान? विचार गोड आहे. पण चहाची आवड आणि चहाचा धंदा यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते मोजून घेतलेलं बरं.

आधी या आवडीबद्दलच सांगतो. आपल्याला वाटतं, चहा आपल्या रक्तात आहे, आजी-पणजीपासून आहे. तसं नाही. चहाची आवड आपल्याला रीतसर लावली गेली. १९०३ साली इंग्रज सरकारनं चहावर उपकर बसवला. निर्यातीच्या चहावर गोळा होणाऱ्या त्या पैशातून चहाचा प्रचार करायचा होता. पुढं १९३०च्या दशकात प्रचारक किटल्या घेऊन गावोगाव, बाजारात, जत्रेत, दारोदार फिरले आणि फुकट चहा पाजू लागले. चहा कसा करावा हे सांगणाऱ्या पाट्या रेल्वे स्थानकांवर लागल्या. त्याच सुमाराला आसामातल्या अमगुरी मळ्यात विल्यम मॅक्कर्चर यांनी पानं दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, गोळी वळवण्याचं यंत्र काढलं. तीच आजची सीटीसी पत्ती. बारीक दाण्याची, पटकन रंग देणारी, थोड्या पत्तीत जास्त कप करणारी. स्वातंत्र्यानंतर ती सर्वदूर पसरली आणि चहा हमालाच्या, गिरणीकामगाराच्या खिशाला परवडू लागला. आज देशात वर्षाला एकशेतीस कोटी किलोच्या आसपास चहा पिकतो आणि त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त आपणच पिऊन टाकतो. ज्या चहाला आपण जिव्हाळा म्हणतो, तो असा विक्रेत्यांनी घरात आणून सोडलेला जिव्हाळा आहे. त्यामुळं तो खोटा ठरत नाही. पण चहा मुळात धंद्याच्या वाटेनं आला, हे लक्षात ठेवावं.

चहाच्या धंद्यातल्या जोडप्यांमध्ये देशात सगळ्यात जास्त नाव झालं ते कोचीच्या के. आर. विजयन आणि मोहना यांचं. गांधीनगर भागातलं त्यांचं छोटं हॉटेल, नाव 'श्री बालाजी कॉफी हाउस'. पाटीवर कॉफी आणि ओळख मात्र चहावाले म्हणून, ही गंमतच. रस्त्यावर चहा विकण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. दोघांनाही जग बघायचं होतं. मग त्यांनी नोकर ठेवला नाही, सगळी कामं दोघांनीच केली आणि रोजच्या कमाईतले तीनशे रुपये बाजूला टाकायला सुरुवात केली. कमी पडले की कर्ज काढायचं, प्रवासाला जायचं, परत येऊन दोन-तीन वर्षं चहा विकून कर्ज फेडायचं, की पुन्हा पुढच्या देशाची तयारी. २००७ साली पहिली परदेशवारी झाली. चौदा वर्षांत सव्वीस देश झाले. त्यांच्यावर 'इनव्हिजिबल विंग्ज' नावाचा माहितीपट निघाला. २०१९ साली उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी त्यांची दखल घेतली आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दौऱ्याला हातभार लावला. शेवटचा, सव्वीसावा देश रशिया. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये दोघं तिकडून परतले आणि १९ नोव्हेंबरला विजयन हृदयविकारानं गेले. वय एकाहत्तर.

या गोष्टीत वर्तमानपत्रांना तीनशे रुपये आणि सव्वीस देश यांचं अप्रूप वाटलं. ते खरंच आहे. मला मात्र दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. एक म्हणजे, या जोडप्याला ओढ होती ती प्रवासाची. चहा त्यांचं वाहन होतं. गल्ल्यापलीकडं दोघांचं मिळून एक स्वप्न होतं, म्हणून रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत एकाच जागी उभं राहणं त्यांना सोसलं. दुसरी गोष्ट अशी की, त्यांच्याबद्दल कुणीही लिहिलं तरी विजयन आणि मोहना ही दोन नावं जोडीनंच येत. 'विजयनचं हॉटेल आणि त्याला मदत करणारी त्याची बायको' असं कुणी लिहिलं नाही. हे फार दुर्मीळ आहे. का, ते मी माझ्या घरातल्या उदाहरणावरून सांगतो.

सोलापूरला माझे एक मामू होते. कापड गिरणीत बदली कामगार. बदली कामगार म्हणजे रोज फाटकावर जाऊन उभं राहायचं, कायम कामगार गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी परत. मामू-मुमानी दोघंही चहाचे वेडे. घरात धान्य कमी असेल, पण पत्ती संपलेली मी कधी पाहिली नाही. काम मिळालं नाही की मामू सकाळी आठला परत यायचे आणि मुमानी काही न विचारता चहा टाकायची. दोघं भिंतीला टेकून बशीत ओतून प्यायची. त्या चहाची तारीफ गिरणीत पोचली आणि एकानं मामूंना सांगितलं, 'फाटकावर रिकामे उभे राहता, त्यापेक्षा तिथंच चहा का विकत नाही?'

अशी टपरी सुरू झाली. पुढं मामू, मागं गोणपाटाचा पडदा, पडद्याआड पितळी स्टोव्ह आणि मुमानी. त्या काळी त्या वस्तीत बाईनं फाटकासमोर बसून चहा विकणं लोकांच्या पचनी पडणारं नव्हतं, म्हणून पडदा. चहा करायची मुमानी, हाताला हात लावून बाहेर यायचे ग्लास, आणि वाटायचे मामू. गिऱ्हाइकांना दिसायचे मामू. म्हणून तो झाला 'मामूंचा चहा'. गिरणीचा भोंगा झाला की पाच-दहा मिनिटांत शंभर माणूस अंगावर यायचं. एक पाळी सुटायची, दुसरी आत जायची. कुणाला साखर कमी, कुणाला पत्ती कडक, कुणाला नुसता काळा चहा. मामू बाहेरून नुसतं नाव पुकारायचे, कुणाला कसा लागतो हे मुमानीच्या डोक्यात पक्कं असायचं. उधारीही तिच्याच डोक्यात. पगाराच्या दिवशी ती पडद्याआडून नाव आणि आकडा सांगायची आणि मला आठवतं तोवर कुणी वाद घातला नाही.

रमजानमध्ये टपरी बंद नसायची. गिऱ्हाईक सगळ्या जातीधर्माचं, त्यांना चहा हवाच. दिवसभर रोजा ठेवून मुमानी चहा उकळायची. चाखायचा नाही. मग चव कशी कळायची? दुधाचा रंग, वाफेचा वास, आणि उकळी फुटताना येणारा आवाज. तरी खात्री म्हणून पहिला ग्लास फाटकावरच्या एका हमालाला फुकट. तो पिऊन मान हलवायचा, मग धंदा सुरू. एके दिवशी त्यानं मान हलवली नाही. मामूंनी आत वाकून म्हटलं, 'अजी, अद्रक ज्यादा हुआ.' अख्खं पातेलं तिनं बाजूला सारलं, पण तो चहा गिऱ्हाइकाला दिला नाही.

लोकांना वाटतं, चहा चांगला करता आला की झालं. घरी आपण चार कप करतो. पाच दिवस बरा झाला, सहाव्या दिवशी पांचट झाला तर घरचे हसून पितात. दुकानात गिऱ्हाईक कालच्याच चवीसाठी आलेलं असतं. दोनशेवा ग्लास पहिल्यासारखाच लागला पाहिजे. दूध कधी पातळ येतं, पत्तीचा कट्टा बदलतो, पावसाळ्यात आलं पाणचट निघतं. हे सगळं सांभाळून चव तीच ठेवायची, ही कारागिरी आहे. तिला आवडीपेक्षा शिस्त जास्त लागते.

आणि एक गोष्ट मी लहान असतानाच पाहिली होती. टपरी सुरू झाल्यावर मामू-मुमानीनं बरोबर बसून चहा प्यायचं सोडलं. भांडण नव्हतं काही. दिवसभर त्याच वासात राहिल्यावर घरी येऊन पुन्हा चहा टाकायचं मन व्हायचं नाही. ज्या एका गोष्टीसाठी दोघं भिंतीला टेकून बसायची, तीच धंद्यात गेली. फक्त रमजानमध्ये सहरीला, पहाटेच्या अंधारात, दोघं पुन्हा समोरासमोर बशा घेऊन बसायची. वर्षातले तेवढे तीस दिवस.

गिरण्यांचे दिवस फिरले. फाटकावरची गर्दी ओसरली. मामू-मुमानीनं टपरी दोन रस्ते पलीकडं, गाड्या सुटायच्या जागी हलवली. तिथं पडदा उरला नव्हता, मुमानी आता उघड्यावर बसायची, वयही झालं होतं. १९९८ साली मामू वारले. चाळिसावा होऊन मुमानीनं टपरी उघडली, आणि पंधरा दिवसांत कळलं की परवाना मामूंच्या एकट्याच्या नावावर होता. लांबचे एक नातेवाईक कागद घेऊन हजर झाले. मामूंनी कधीतरी त्यांच्याकडून पैसे घेतले होते म्हणे, त्याबदल्यात जागा त्यांची. घरात बी.ए. झालेला मी एकटा, म्हणून अर्ज मी लिहिला. कचेरीत मुमानीला विचारलं, 'धंदा कोण करत होतं?' ती म्हणाली, 'हम दोनो.' साहेबांनी फाईल चाळली. तिचं नाव कुठंच नव्हतं. वीस वर्षं चहा तिच्या हातचा, उधारी तिच्या डोक्यात, आणि कागदावर ती फक्त मयताची विधवा.

टपरी गेली. मुमानी आठ महिने घरी बसली. मग एके सकाळी तोच पितळी स्टोव्ह घेऊन, जुन्या टपरीपासून वीस पावलांवर, जमिनीवर पोतं अंथरून बसली. गिऱ्हाईक हळूहळू तिकडं सरकलं. पण छप्पर पुन्हा झालं नाही, पावसाळ्याचे चार महिने धंदा बंदच असायचा. सात वर्षं तिनं तसा चहा विकला.

आज कायदा थोडा शहाणा झाला आहे. २०१४च्या पथविक्रेता कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की, प्रमाणपत्र असलेला विक्रेता मरण पावला, कायमचा अपंग झाला किंवा आजारी पडला, तर प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत त्याच्या जागी धंदा करण्याचा पहिला हक्क त्याच्या जोडीदाराचा, त्यानंतर अवलंबून असलेल्या अपत्याचा. शहर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे जे प्रतिनिधी असतात, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असंही त्यात आहे. मुमानीच्या वेळी हे असतं तर तिला निदान बोट ठेवायला एक ओळ मिळाली असती. तरी या कायद्यातही एक गोम राहतेच. जोडीदाराचा नंबर लागतो तो विक्रेता मेल्यावर किंवा अंथरुणाला खिळल्यावर. दोघं मिळून उभी असताना काय?

हा प्रश्न मला पुन्हा पडला तो माझ्या पुतणीमुळं. ती आणि जावई पुण्यात राहतात. २०२०च्या टाळेबंदीत जावयाची नोकरी गेली, नंतर लागली ती कमी पगाराची. दोघांनाही चहाची मोठी हौस. आसामची पत्ती, निलगिरीची पत्ती, कुठल्या मापानं मिसळली की कशी लागते, याचे प्रयोग रविवारी घरात चाललेले असतात. ती म्हणाली, 'चाचा, आम्ही दुकान काढतोय.' कुणा कंपनीचं नाव घेऊन दुकान थाटायचा विचारही त्यांनी केला होता, पण नाव, मसाला आणि सजावट यांचाच खर्च त्यांच्या शिलकीच्या बाहेर निघाला. मग स्वतःचंच.

मी कविता लिहिणारा माणूस, हिशेबात कच्चा. तरी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. कपाला दोन-अडीच ग्रॅम पत्ती धरली तर किलोत चारशेच्या आसपास कप होतात. दिवसाला तीनशे कप विकायचे तर पत्ती पाऊण किलो पुरते. पण कपाला पन्नास मिलिलिटर दूध धरलं तरी पंधरा लिटर दूध लागतं आणि साखर दोन-अडीच किलो. म्हणजे खर्चाचा मोठा वाटा पत्तीचा नाहीच, तो दुधाचा. जी दोघं रात्र-रात्र पत्तीवर चर्चा करत होती, त्यांचा धंदा खरं तर गवळ्याच्या हातात होता. हे ऐकून दोघांची तोंडं उतरली. पुतणी मग म्हणाली, 'काळ्या चहाला तर दूध लागत नाही ना.' तिच्या डोक्यात धंदा आहे, हे मला तेव्हा कळलं. शिवाय व्यावसायिक गॅसचा सिलिंडर वेगळा, जागेचं भाडं वेगळं, अन्नपदार्थ विक्रीची नोंदणी वेगळी. हे सगळं त्यांनी माझ्यापेक्षा नीट काढलं.

मी त्यांना एका रविवारी त्यांच्याच घरात शंभर कप चहा करायला सांगितला. सोसायटीतल्या लोकांना बोलवा, पैसे घेऊ नका, पण शंभर म्हणजे शंभर. सत्तराव्या कपाला जावई गप्प झाला. नव्वदीला पुतणीनं पायातल्या चपला काढून फेकल्या. शंभर पूर्ण झाले, चव बऱ्यापैकी टिकली. त्या रात्री दोघांनी जेवण बाहेरून मागवलं आणि चहाचं नाव काढलं नाही.

दोन दिवसांनी तिचाच फोन आला, दुकान काढायचंच म्हणून. जागेचा करार, नोंदणी, बँकेचं खातं, सगळं जावयाच्या नावे करायचं ठरत होतं. त्याच्या मनात काही वावगं नव्हतं. तो नोकरी सोडणार, ती वर्षभर नोकरी सांभाळून संध्याकाळी दुकानात येणार, म्हणून सोयीचं इतकंच. मी मुमानीची गोष्ट त्यांना सांगितली. पुतणीला ती माहीत होती, पण अर्धीच. घरात मुमानीला सगळे 'चायवाली नानी' म्हणत, टपरी कशी गेली हे मुलांना कुणी सांगितलं नव्हतं. जावई बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं विचारलं, 'नवरा-बायको भागीदार होऊ शकतात का कायद्यानं?' होऊ शकतात. भागीदारीचा कायदा १९३२चा आहे, त्यात नवरा-बायकोला आडकाठी नाही. करारात वाटे लिहिले नसतील तर कायदा नफा-तोटा समान धरतो. आम्ही एका वकिलांकडं गेलो, मुद्रांकाचा कागद आणला.

करार करताना वकिलांनी विचारलं, भागीदारांपैकी एकाचं काही बरंवाईट झालं तर? दोघं एकमेकांकडं बघू लागली. लग्नाला सहाच वर्षं झालेली. पुतणी म्हणाली, 'लिहा, दुसऱ्यानं दुकान चालू ठेवायचं.' जावई म्हणाला, 'आणि कुणाही नातेवाइकाला मध्ये येता येणार नाही, हेही लिहा.' वकिलांनी कायद्याच्या भाषेत ते बसवलं. पैसा कुणी किती घातला, गल्ल्यातून घरखर्चाला किती काढायचा, उधारी कुणाच्या परवानगीनं द्यायची, हेही उतरलं. उधारीच्या कलमावर दोघं वकिलांसमोरच चांगली अर्धा तास भांडली. तो म्हणत होता, उधारी अजिबात नको. तिचं म्हणणं, रोजचं गिऱ्हाईक एखाद्या दिवशी पाकीट विसरणारच. शेवटी पाचशे रुपयांची मर्यादा ठरली.

पाटी रंगवून आली आहे, दोघांचीही नावं एका आकाराच्या अक्षरांत. पुढच्या महिन्यात दुकान उघडेल. करारात एकच कलम अजून कोरं आहे. पहाटे साडेचारला उठून दूध आणायला कोण जाणार, यावर दोन्ही भागीदारांचं एकमत झालेलं नाही.